लेबलावरचे पान आणि बाटलीतले जंतू

दिवाळीच्या उटण्याची उरलेली पुडी पुढच्या वर्षी उघडली तरी ते बहुधा चांगले असते. फार तर वास उतरलेला. तेच उटणे गुलाबपाण्यात कालवून वाटीत झाकून ठेवले, तर दोन-तीन दिवसांत आंबते. वाळा, नागरमोथा, आंबेहळद दोन्हीकडे तीच. फरक फक्त पाण्याचा. जिवाणू असोत की बुरशी, पाण्याशिवाय वाढ नाही. म्हणून तेल, पावडर किंवा साबणाची वडी प्रिझर्व्हेटिव्हविना टिकू शकते. क्रीम, लोशन आणि शाम्पूत मात्र मोठा वाटा पाण्याचाच असतो. शिवाय क्रीमच्या डबीत रोज आपली बोटे बुडतात.

हे राखणीचे काम 1920 च्या दशकापासून पॅराबेन वर्गातली रसायने निमूटपणे करत आली. 2004 मध्ये ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातील एका गटाने स्तनातील गाठींच्या 20 नमुन्यांत पॅराबेन आढळल्याचे प्रसिद्ध केले. निरोगी ऊतींशी तुलना त्या अभ्यासात नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो, असेही त्यातून सिद्ध झाले नव्हते. पण धास्ती बसायची ती बसलीच. 2014 मध्ये युरोपीय महासंघाने पाच पॅराबेनवर बंदी घातली. मिथाइल आणि इथाइल पॅराबेनला ठरावीक मर्यादेत परवानगी कायम राहिली. दरम्यान अनेक उत्पादक मिथाइलआयसोथायाझोलिनोनकडे वळले होते. त्याने त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढवले, की लावून ठेवायच्या उत्पादनांतून युरोपने तेही हद्दपार केले. आगीतून फुफाट्यात पडलेल्या या धंद्याची नजर मग झाडपाल्याकडे गेली.

झाडपाल्यात दम आहे, यात शंका नाही. ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड हे पदार्थ जंतूच्या पेशीचे आवरण बिघडवतात; आतले क्षार आणि ऊर्जा गळून जाते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत लवंगतेलाच्या थेंबाभोवती जंतू वाढत नाहीत, ते यामुळेच. पण त्या ताटलीतले यश क्रीमच्या डबीत तसेच्या तसे उतरत नाही.

पहिली अडचण अशी, की हे पदार्थ तेलात चटकन विरघळतात. क्रीम म्हणजे तेल आणि पाण्याचे मिश्रण. औषध तेलाच्या थेंबांत जाऊन बसते आणि जंतू वाढतात पाण्यात. मात्रा वाढवावी, तर वास असह्य होतो आणि त्वचा चिडते. युजेनॉल लावून ठेवायच्या उत्पादनात 0.001 टक्क्याहून जास्त असेल, तर ॲलर्जीच्या शक्यतेपायी त्याचे नाव लेबलावर छापण्याची सक्ती युरोपात आहे. जंतू रोखायला मात्र याच्या शेकडो पट मात्रा लागते. वाण, जमीन आणि हंगाम बदलला की तेलातले घटकही बदलतात. त्यात स्यूडोमोनाससारखे जंतू भलतेच चिवट. त्यांचे बाहेरचे आवरण अशा तेलांना सहज आत येऊ देत नाही आणि जे शिरते, ते पेशी पंपासारखे बाहेर फेकते. 1970 च्या दशकात अमेरिकेत दूषित मस्काऱ्यातून याच जंतूने डोळ्यांच्या पारपटलावर जखमा केल्या होत्या.

‘नैसर्गिक’ या शिक्क्यावर किती भिस्त ठेवावी, हे द्राक्षफळाच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काने दाखवून दिले. जंतूंवर जालीम म्हणून तो जगभर खपत होता. 1999 मध्ये जर्मन संशोधकांनी बाजारातले सहा अर्क तपासले. पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कारखान्यात बनणारे जंतुनाशक निघाले. सहाव्यात कोणतेही कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह नव्हते आणि त्याचा जंतूंवर परिणामही झाला नाही.

याउलट काही पदार्थ वनस्पतींमुळे माहीत झाले आणि खरोखर टिकून राहिले. बेंझोइक आम्ल लोबानात सापडले, सॉर्बिक आम्ल 1859 मध्ये रोवन झाडाच्या फळांच्या तेलातून वेगळे झाले. आज दोन्ही बहुतेक कारखान्यांतच बनतात, पण रेणू तोच. त्यांची अट एकच : मिश्रण आम्लधर्मी हवे. बेंझोइक आम्लाचे न विघटलेले रेणूच जंतूच्या पेशीत शिरतात. पीएच 4.2 ला असे रेणू निम्मे असतात, 7 ला जवळपास उरतच नाहीत. म्हणजे नाव तेच, मात्रा तीच, तरी एका लोशनमध्ये काम फत्ते आणि दुसऱ्यात शून्य.

म्हणून जाणकार रसायनतज्ज्ञ एकाच पदार्थावर विसंबत नाहीत. लोणच्यात मीठ, आंबटपणा, मोहरी आणि वर तेलाचा थर मिळून जे साधतात, तेच इथे करायचे असते : ग्लिसरीनने मोकळे पाणी बांधून ठेवायचे, पीएच 5 च्या आसपास आणायचा, सौम्य आम्ल घालायचे, जोडीला थोडा वनस्पतिजन्य घटक आणि बोट न बुडणारी पंपाची बाटली. अशा जमावात ओवा किंवा बडीशेप आपला वाटा उचलते. एकट्याने गड राखणे तिला जमत नाही.

अखेरचा निकाल चॅलेंज टेस्टमध्ये लागतो. आयएसओ 11930 या मानकानुसार उत्पादनात पाच ठरावीक जंतू मुद्दाम लाखोंच्या संख्येने सोडतात आणि 28 दिवस ते किती घटतात हे मोजतात. या चाचणीत कूळ पाहत नाहीत, करणी पाहतात. घरगुती कोरफड जेल किंवा ‘केमिकल फ्री’ क्रीम विकणाऱ्याला ग्राहकाने म्हणूनच थेट विचारावे, की ही चाचणी केली आहे का आणि अहवाल दाखवाल का. उत्तरादाखल फक्त आजीच्या नुसख्याचा हवाला मिळाला, तर पाणी नसलेले तेल किंवा कोरडे उटणे घ्यावे. आणि घरी काढलेला कोरफडीचा गर एका वेळेपुरताच काढावा.