मोत्यामागचा श्वास

जपानमधल्या तोबाच्या किनाऱ्यावर एक बाई छाती भरून श्वास घेते आणि डोकं खाली करून बुडी मारते. पाठीवर ना नळकांडं, ना नळी. मिनिटभर ती तळाशी कपारी चाचपत राहते. वर येताच तिच्या ओठांतून लांब, बारीक शीळ निघते. कोंडलेला श्वास बेतानं सोडायची ही रीत.

या बायकांना ‘अमा’ म्हणतात. कुणी एकटी किनाऱ्यावरून पोहत जाते, कुणी होडीतून. होडीतून गेली तर कमरेच्या दोराचं वरचं टोक बहुधा नवऱ्याच्या हातात! डोक्याच्या फडक्यावर पाच टोकांची चांदणी शिवलेली. ती एका रेघेत काढता येते आणि रेघ निघाली तिथंच परतते, तशी बुडी मारणारीही परतावी म्हणून.

याच भागात कोकिची मिकिमोतोनं 1893 साली शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवला. गोल मोत्याची युक्ती त्यानंतरची, आणि ती थक्क करणारी आहे. शिंपेचाच एक गोल मणी घडवायचा, दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा चिमुकला तुकडा घ्यायचा आणि दोन्ही जिवंत शिंपल्याच्या देहात सरकवायचे. तुकड्यातल्या पेशी मण्याभोवती पिशवी तयार करतात आणि मण्यावर थरामागून थर चढवतात. एकेक थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ! या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, आणि आपले जव्हेरी ज्याला मोत्याचं पाणी म्हणतात ते दिसू लागतं. थंडीत थर सावकाश, तलम बसतात; म्हणून मोती हिवाळ्यात काढतात.

पण शिंपले आणायचे कुणी? अमांनी. मणी घातलेले शिंपले पुन्हा तळाशी मांडायच्या त्याच, आणि समुद्रात विषारी लाल शेवाळ पसरलं की ते घाईनं दुसरीकडे हलवायच्याही त्याच. पेटंटवर मात्र अमांपैकी कुणाचंच नाव नाही. या मोत्यांमुळे पुढे बसऱ्याच्या नैसर्गिक मोत्यांचा बाजार कोसळला. त्याची झळ मुंबईच्या मोतीवाल्यांनाही लागली.

नंतर शिंपले तराफ्यांखाली टांगून वाढवू लागले आणि मोत्यांच्या धंद्यातली अमांची गरज संपली. मिकिमोतोच्या बेटावर आता त्या पांढऱ्या कपड्यांत पर्यटकांना बुड्या मारून दाखवतात. बाकीच्या अमा अबालोन नावाच्या महागड्या शंखासाठी समुद्रात उतरतात. पूर्वीपासून त्यांची मुख्य मिळकत त्याचीच. त्यांतल्या बऱ्याच जणींनी साठी केव्हाच ओलांडली आहे.