गावाचं वायफाय: डबा लावला, पुढे काय?

एपिसोड ऐकताना ज्यांची रेंज वाणगाव आणि डहाणूच्या मध्येच गेली, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. चेष्टा नाही, तसे मेसेज खरंच आलेत.

तर झालं असं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. मी आणि माझी मामेबहीण एका सार्वजनिक वायफायपाशी उभ्या. फोन जोडला. त्यानं मोबाईल नंबर मागितला आणि म्हणाला, ओटीपी पाठवतो. आता ओटीपीचा मेसेज यायला रेंज पाहिजे, आणि रेंज असती तर आम्ही वायफाय शोधत कशाला आलो असतो? बहीण म्हणाली, "ताई, हे तर किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं." शेवटी गाडी पकडून बोईसरला गेलो. फॉर्म गेला, पण जीव टांगणीला लागला तो लागलाच.

परत येताना तिनं विचारलं, "पंचायत नळाचं पाणी देते, दिवाबत्ती करते. मग वायफाय का नाही?"

प्रश्न जुना आहे, आणि मोठमोठ्या शहरांनी त्यात हात पोळून घेतलेत. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियानं 2004 मध्ये अख्खं शहर बिनतारी करायचं जाहीर केलं. काम अर्थलिंक नावाच्या कंपनीला दिलं. पुरेसे गिऱ्हाईक मिळेनात, म्हणून 2008 मध्ये कंपनी बाजूला झाली. त्याच काळात पुणे महापालिकेनंही इंटेलला सोबत घेऊन 'अनवायर पुणे'चा घाट घातला होता. आज पुण्यात नेट कशावर चालतं, ते तुम्हाला माहीतच आहे. जानेवारी 2017 मध्ये राज्य सरकारनं मुंबईत 500 ठिकाणी वायफाय सुरू केलं. आणि स्टेशनवरचं गुगलचं वायफाय आठवतंय? रेलटेलसोबत जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात झाली. पण त्याच वर्षी जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि 2020 मध्ये गुगलनं हा कार्यक्रम गुंडाळत असल्याचं सांगितलं. रेलटेलनं सेवा पुढे चालू ठेवली.

डबे लावणं सोपं असतं. पुढे दर महिन्याचं बिल येतं, तिथे गाडी अडते.

आता आपल्याकडे या. याचा एक वेगळा प्रयोग आपल्याच पालघर तालुक्यात झालाय. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटानं खामलोली आणि आसपासच्या मिळून सात गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवलं. टीव्हीच्या लहरी कशाला? सांगते. घरच्या राउटरचं वायफाय 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झवर चालतं. मध्ये चिकूची वाडी किंवा टेकडी आडवी आली की ते गपगार. टीव्हीच्या 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र झाडाझुडपांतून बऱ्यापैकी पार होतात आणि लांब जातात. दूरदर्शन त्यातला थोडाच भाग वापरतं. या पट्ट्यातल्या 15 पैकी किमान 12 चॅनेल देशात कुठेही मोकळे सापडतात, असं याच संस्थेतल्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं. टॉवरवरून ही लहर गावात आणायची आणि गावात तिचं साधं वायफाय करायचं. अर्थात यासाठी प्रायोगिक परवाना लागला. उद्या उठून कोणीही टीव्हीची लहर वापरू शकत नाही.

हे कामाचं का आहे? भारतनेटची फायबर पंचायतीच्या ऑफिसपर्यंत येते, पण आपल्याकडे एका पंचायतीत कितीतरी पाडे, आणि एकेक पाडा दोन-तीन किलोमीटर लांब. तेवढंच अंतर कोणी जोडत नाही.

याच गटाच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळाला. मला त्यातला तांत्रिक भाग आवडला, पण पैशाचा हिशेब जास्त आवडला. ग्रामपंचायतीनं यंत्रणेत पैसे घालायचे, गावातल्याच एखाद्या पोरानं किंवा पोरीनं ती सांभाळायची, लोकांनी थोडे पैसे भरायचे, आणि त्यातून पंचायतीचे पैसे परत यायचे. पुण्याच्या बेतात पंचायतीसारखा जवळचा मालक कुठे होता? राउटर बंद पडला तर तक्रार करायला पुण्याला फोन लावायचा की सरपंचांच्या ओट्यावर जायचं, एवढा साधा फरक आहे हा.

मोफत द्या असं मी म्हणत नाहीये. मोफतच्या नादात वर्षभरात डब्यावर कोळी जाळं विणतो.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्रानं पीएम-वाणी योजना मंजूर केली. त्यात चहाच्या टपरीवालाही लायसन्स फी न भरता वायफाय विकू शकतो. म्हणजे वाणगाव स्टेशनबाहेरचा दुकानदार, बचत गट, कोणीही. (नाव 'वाणी' आणि गाव वाणगाव, हा योगायोग मला फार आवडतो.)

बहिणीनं वहीच्या मागच्या पानावर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत. पाड्यापर्यंत लाइन कशी आणणार? महिन्याचं बिल कोणाच्या नावावर? पावसाळ्यात तीन दिवस लाइट गेली तर बॅटरी कोण बघणार? आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून: ज्याच्या फोनला रेंजच नाही, त्यानं ओटीपी कुठून आणायचा?