‘अति’ची हद्द

वाशीतील ज्या इमारतीत माझे वास्तव्य आहे, ती सिडकोने हे शहर वसविण्याच्या आरंभीच्या काळात बांधलेल्या इमारतींपैकी एक असल्याने, नवी मुंबई महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची जी यादी प्रसिद्ध करते, तिच्याकडे आम्हां रहिवाशांचे लक्ष काहीशा धास्तीनेच लागलेले असते. ‘सी-१’पासून ‘सी-३’पर्यंत इमारतींची प्रतवारी करणाऱ्या त्या यादीत आमचे नाव अद्याप आलेले नाही; शेजारच्या इमारतीचे मात्र यंदा आले, आणि तेही पहिल्याच प्रतीत, म्हणजे अतिधोकादायक व राहण्यास अयोग्य म्हणून. त्या इमारतीचे सेक्रेटरी एका सायंकाळी हाती कागद घेऊन माझ्याकडे आले. इमारत रिकामी होईपर्यंत जिन्यापाशी लावावयाच्या सूचनेचा तो मसुदा होता: “इमारत अतिधोकादायक व जीर्ण असल्याने जिन्याचा वापर सावकाश व जपून करावा.” भाडेकरूंत तमिळ, मल्याळी, पंजाबी अशी सर्व प्रकारची मंडळी असल्यामुळे त्याखाली त्यांनी आपल्या हाताने इंग्रजी भाषांतर केले होते, आणि तेवढे नजरेखालून घालावे अशी त्यांची विनंती होती. इंग्रजीत इमारत ‘एक्स्ट्रीमली डेंजरस अँड डिलॅपिडेटेड’ झाली होती, आणि जिना उतरावयाचा होता ‘स्लोली अँड केअरफुल’.

त्यांना वाटले की चूक फक्त शेवटच्या शब्दात आहे. मला पहिली जोडी अधिक खटकली, जरी तीत व्याकरणाची चूक एकही नव्हती.

मराठी मसुद्यातील ‘अति’ हा उपसर्ग आहे. (संस्कृत ‘अति’, देशी ‘धोका’ आणि पुन्हा संस्कृत ‘दायक’ अशा या शब्दाच्या संकरज घडणीबद्दल शुद्धिवाद्यांनी काय म्हणावे, ते तूर्त बाजूस ठेवू.) तो ‘धोकादायक’ला चिकटून एकाच शब्दाच्या कुंपणात बसला असल्यामुळे त्याला ‘व’ ओलांडून ‘जीर्ण’पर्यंत जाता येत नाही, इमारत अतिशय धोकादायक आहे आणि शिवाय जीर्ण आहे, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीतील ‘एक्स्ट्रीमली’ हे मात्र सुटे क्रियाविशेषण. ते ‘डेंजरस’च्या आधी उभे राहून केवळ त्याचेच विशेषण होते, की ‘अँड’ने जोडलेल्या दोघांवर एकदमच अंमल गाजविते, हे वाक्याच्या रचनेवरून ठरत नाही. मराठीतही ‘अत्यंत धोकादायक व जीर्ण’ असे लिहिले असते तर हाच घोटाळा झाला असता.

विशेषणांच्या बाबतीत मराठीची तटबंदी अधिक भक्कम आहे. ‘ओल्ड मेन अँड विमेन’ म्हटले की स्त्रियाही वृद्ध की केवळ पुरुष, या प्रश्नावर इंग्रजी वैयाकरणांनी बरीच शाई खर्च केली आहे. परंतु ‘जुना वाडा आणि विहीर’ असे म्हणताना ‘जुना’ या शब्दाच्या अंत्य आकारानेच त्याची हद्द वाड्याशी संपविलेली असते, कारण विहीर जुनी असती तर तसे वेगळे सांगावे लागले असते. ‘सुंदर’सारखी लिंगवचनाने न बदलणारी विशेषणे मात्र ही हद्द दाखवीत नाहीत, आणि तेथे आपणही इंग्रजांइतकेच निराधार असतो.

‘केअरफुल’ला ‘ली’ जोडा, असे मी सांगताच सेक्रेटरींनी हरकत घेतली: “सर, मग रस्त्यावर ‘ड्राइव्ह स्लो’ का लिहितात? तेथे ‘ली’ कुठे असते?” हरकत रास्त होती. जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता एक ‘ए’ जोडून क्रियाविशेषण होत असे; कालांतराने तो अंत्य स्वर उच्चारातून झिजून गेला आणि विशेषण व क्रियाविशेषण दिसावयास एकसारखी झाली. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘स्लो’ ही त्या व्यवस्थेची आजही नांदती घराणी. ‘ली’ हा प्रत्यय मुळात ‘देह, रूप’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला, आणि पुढे त्यानेच बहुतेक मुलूख काबीज केला. तरीही जुनी रूपे जोडशब्दांच्या आश्रयाने तग धरून राहिली, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते. ‘लाउडली’ आणि ‘क्लिअरली’ हे दोन्ही शब्द हाताशी असूनही इंग्रज ‘लाउड अँड क्लिअर’ ऐकतो आणि ‘लाँग अँड हार्ड’ विचार करतो. तो घरी ‘सेफ अँड साउंड’ पोहोचतो, ते मात्र वेगळे प्रकरण. कारण ती विशेषणे पोहोचण्याची नसून पोहोचणाऱ्याची आहेत, जसे आपले ‘सुखरूप’.

अशा सीमेवरच्या शब्दांनी आपल्याकडेही व्याकरणकारांना सुखाने बसू दिलेले नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठीला शास्त्राची चौकट देण्याचा जो उद्योग झाला, त्याचा वारसा म्हणून शाळेत आपण क्रियाविशेषणास ‘अव्यय’, म्हणजे ज्यात कधी बदल होत नाही असे, म्हणावयास शिकलो. आणि घरी येऊन लगेच ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असे बोलू लागलो. येथे ‘चांगला’ गाण्याविषयी बोलतो, पण पोशाख गाणाऱ्याप्रमाणे बदलतो. त्यावर शालेय पुस्तकांनी तोड काढली ती अशी, की हे क्रियाविशेषण खरे, पण अव्यय नव्हे. मुत्सद्द्याला शोभेल असाच हा तहनामा आहे.

‘ली’ दोन्हीकडे का लावावयाची, एकदा लावून का भागत नाही, हाही सेक्रेटरींचा एक सवाल होता. स्पॅनिश भाषेत भागते: ‘लेंता इ क्लारामेंते’, म्हणजे हळू आणि स्पष्टपणे, यात प्रत्यय फक्त शेवटच्या शब्दाला लागतो. याचे कारण असे, की ‘मेंते’ हा एके काळी लॅटिनमधील ‘मनाने’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता, आणि त्याची दोन विशेषणे असली तरी तो एकदाच उच्चारणे पुरेसे होते. यावरून मला मंत्र्यांच्या शपथविधीची आठवण होते. संविधानातील शपथेच्या इंग्रजी पाठात ‘फेथफुली’ आणि ‘कॉन्शिएन्शसली’ ही एकाच साच्यातली क्रियाविशेषणे शेजारी बसली आहेत. मराठी पाठात पहिल्याच्या जागी ‘निष्ठापूर्वक’ आले, पण दुसऱ्यासाठी ‘शुद्ध बुद्धीने’ अशी तृतीया विभक्ती योजावी लागली, जी जुन्या लॅटिनच्या ‘मनाने’शी थेट नाते सांगते. एक अव्यय आणि एक विभक्त्यंत नाम, अशी भिन्न जातीची ही जोडी ‘व’ने बांधूनही कानाला खटकत नाही, कारण दोघांचे काम एकच: कर्तव्य कसे पार पाडीन, हे सांगणे. ‘आणि’ काय, ‘अँड’ काय, किंवा फारसीतून दफ्तरात शिरून तेथेच कायम झालेला ‘व’ काय, हे जोडताना शब्दाची जात फारशी पाहत नाहीत, हुद्दा पाहतात. इंग्रजीतही ‘स्लोली अँड विथ केअर’ निर्धास्त चालते. ‘केअरफुल’ अडते, कारण त्या जागी त्याला उतरण्याच्या क्रियेचा कारभार सांभाळता येत नाही.

अखेर मी कागदावर दोन दुरुस्त्या केल्या. जिना ‘स्लोली अँड केअरफुली’ केला, आणि इमारतीची विशेषणे उलट क्रमाने लावली: ‘डिलॅपिडेटेड अँड एक्स्ट्रीमली डेंजरस’, म्हणजे ‘एक्स्ट्रीमली’ला पुढे एकच शब्द उरला आणि मागे वळण्याची सोय राहिली नाही. सेक्रेटरींनी दोन्ही ओळी पुनःपुन्हा ताडून पाहिल्या.

“पण सर,” ते संकोचून म्हणाले, “मराठीत धोकादायक आधी आणि इंग्रजीत नंतर, असे झाले तर सभासद म्हणतील, दोन्ही नोटिसा वेगळ्या आहेत.”

दुसऱ्या दिवशी फलकावर पाहिले, तेव्हा जिना सुधारला होता. इमारत होती तशीच होती.