अम्मीच्या पानदानाचा फोटो

अम्मीचं पितळी पानदान एकच आणि आम्ही भावंडं चार. ते धाकट्या बहिणीकडे जायचं ठरलं, तेव्हा बाकीचे म्हणाले, ‘निदान त्याचा नीट फोटो तरी काढून पाठव.’ मित्रहो, मी कविता करणारा माणूस. पलंगावर पांढरी चादर अंथरली, ट्यूब लावली, मोबाइलचं बटण दाबलं. फोटोत चादरीच्या चुण्या ठळक आल्या आणि पानदान काळवंडलं.

चादरीऐवजी कागद हवा. स्टेशनरीच्या दुकानातून चकाकी नसलेला पांढरा कार्डशीट आणा. खिडकीजवळ टेबल भिंतीला टेकवा. कागदाची वरची कड चिकटपट्टीनं भिंतीवर लावा, खालचा भाग टेबलावर पुढे ओढून घ्या. घडी मात्र घालू नका, मधे सैल बाक राहू द्या. भिंत आणि टेबल मिळतात तिथली रेघ त्या बाकात नाहीशी होते. वस्तू बाकापासून वीतभर पुढे ठेवा.

उजेड खिडकीचा, एका बाजूनं येणारा. थेट ऊन नको. घरातले दिवे बंद करा, त्यांचा रंग दिवसाच्या उजेडाशी जुळत नाही. दुसऱ्या बाजूला आणखी एक पांढरा कागद उभा केला की तो उजेड परतवतो आणि सावली मऊ होते.

इतकं करूनही माझा कागद फोटोत राखाडीच! दोष कागदाचा नव्हता. समोरचं पांढरं आहे हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. तो उजेड मोजतो आणि सगळं मध्यम राखाडीकडे ओढतो. बर्फाचे फोटो मळकट येतात ते यामुळेच. म्हणून उजेड आपण वाढवायचा. पडद्यावर वस्तूवर बोट टेकवलं की बऱ्याच फोनांत सूर्याचं चिन्ह दिसतं, ते जरासं वर सरकवा. फार नको, वस्तूच्या कडा विरतात.

पितळेची खोड वेगळीच. घासून लख्ख केलेल्या झाकणात मी, मोबाइल, मागचं कपाट, सगळे हजर. मग एका कागदाला भोक पाडलं, तो मोबाइलपुढे धरला आणि भोकातून फोटो घेतला. झाकणात उरला फक्त एक काळा ठिपका.

फोटो पाठवला. मोठ्या भाईंचा लगेच फोन, ‘अरे, झाकणावरचा पोचा कुठे गेला?’ तो पोचा लहानपणी माझ्याच हातून पडलेला. मी पानदान फिरवून ती बाजू तिरप्या उजेडात आणली, सावली मऊ करणारा कागद काढून टाकला. पोचा स्पष्ट उमटला. बहीण चार वाजता न्यायला येणार होती.