तळघराची भिंत जुलैत का ओली होते?

म्युनिकमधल्या आमच्या जुन्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक खोली आहे. आमच्या खोलीत सायकली, रिकाम्या बरण्या आणि आईने दिलेल्या गोधड्या. जुलैत गोधड्यांना कुबट वास येऊ लागला, की शेजारी भरदुपारी खिडक्या सताड उघडतात. नेमकं तेच करू नये.

बाहेर २८ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असली, तर ती हवा साडेएकोणीस अंशांच्या खाली येताच पाणी सोडते. मातीला टेकलेली भिंत असते पंधरा-सोळा अंशांची. गार पाण्याच्या तांब्याला घाम फुटतो, तसाच तिला फुटतो. म्हणून उन्हाळ्यात हवा खेळवायची ती पहाटे.

खरा उपाय भिंत उबदार ठेवण्याचा. बाहेरून माती खणून जलरोधक थर द्यायचा आणि त्यावर एक्सपीएस फोमचे बोर्ड लावायचे, हे माझ्या मते सर्वोत्तम. खर्च मात्र भरपूर. आतून नुसता थर्माकोल चिकटवला, तर फटींतून खोलीतली हवा मागे शिरते, आणखी गार झालेल्या भिंतीवर पाणी धरतं आणि बुरशी नजरेआड वाढते. त्यापेक्षा कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड बरे. ते ओल शोषतात, पुन्हा सोडतात आणि अल्कधर्मी असल्याने बुरशीला मानवत नाहीत. पण ते सलग, पोकळी न ठेवता चिकटवायला हवेत.

त्याआधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले, तर दोष हवेतल्या दमटपणाचा. मागे आले, तर ओल भिंतीतूनच येतेय. मग आधी ती थांबवा, इन्सुलेशन नंतर.