लॅपटॉप तापला म्हणून अनोळखी फाइल उडवू नका. आधी एवढं तपासा

सातारा/सांगली : मे महिन्यातली दुपार. माण, खटाव, आटपाडी, जत भागात पारा चाळिशीला टेकलेला. पत्र्याच्या खोलीत गोधडीवर लॅपटॉप ठेवून पोरगं प्रवेशाचा नाहीतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत बसलेलं. आतला पंखा घरघरतोय, खालच्या बाजूला हात लावू वाटत नाही, स्क्रीन अडकत अडकत चालतेय. कुणीतरी सांगतं, "व्हायरस असणार." शोधाशोध केली की कधी न पाहिलेल्या नावांच्या फाइल्स दिसतात. एक उडवली, दुसरी उडवली, आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालूच होत नाही. फॉर्मची मुदत काही थांबत नाही.

तापणं आणि अनोळखी फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याचदा त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. म्हणून आधी बघायचं, मग हात लावायचा.

आधी उष्णतेचं बघा

बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि मागून किंवा बाजूनं गरम हवा बाहेर टाकतात. गोधडी, गादी, घोंगडं यावर ठेवला की खालची जाळी बुजते. अनेक कंपन्या लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीतच वापरायला सांगतात. आपल्याकडं पत्र्याखाली उन्हाळ्यात त्यापेक्षा जास्तच असतं.

आतला प्रोसेसर साधारण 95 ते 100 अंशांपर्यंत गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. आपल्याला वाटतं मशीन स्लो झालं, पण ते स्वतःला वाचवत असतं. त्याहून तापलं तर लॅपटॉप आपोआप बंद पडतो. यात व्हायरसचा काहीच हात नसतो.

मग काय करायचं?

– लॅपटॉप लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा. मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली सारख्या जाडीची दोन पुस्तकं सरकवली तरी फरक पडतो.
– जड काम सकाळी लवकर नाहीतर रात्री करा.
– जाळीतली धूळ काढायची तर आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मग मऊ ब्रशनं झाडा.
– पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची हवा मारू नका. तिचा दाब जास्त असतो, त्यात पाण्याचा अंशही असतो.
– गार करायला फ्रिजमध्ये ठेवू नका, ओलं फडकं लावू नका. आत पाणी सुटलं की बोर्ड जातो.
– तीन-चार वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. ती बदलण्याचं काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्या.
– टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचं झाकण फुगलं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका.

कोण काम करतंय ते बघा

विंडोजच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त ताकद कोण खातंय ते वर येतं.

गावाकडं लॅपटॉप बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांनी उघडला जातो, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट मिळाला की सगळे राहिलेले अपडेट एकदम सुरू होतात. तेव्हा 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' आणि 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' ही नावं वर दिसतात. पहिलं अपडेट बसवतं, दुसरं विंडोजचाच व्हायरस तपासनीस आहे. चार्जर लावून तासभर जाऊ द्या, बहुतेक वेळा लॅपटॉप आपोआप निवतो. फॉर्मची घाई असेल तर वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा. बरेचसे अपडेट थांबतात, डेटाही वाचतो.

'डिटेल्स' या भागात 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावापुढं 95 असा आकडा बघून पुष्कळ जण घाबरतात. त्याचा अर्थ उलटा आहे. प्रोसेसर 95 टक्के रिकामा बसलाय, एवढंच तो सांगतो.

नावं विचित्र, पण फाइल्स घरच्या

एसव्हीसीहोस्ट : हे नाव पन्नास-साठ वेळा दिसलं तरी काळजी नको. विंडोजच्या वेगवेगळ्या सेवा याच नावाखाली चालतात. 2017 पासून पुरेशी रॅम असलेल्या मशीनवर विंडोज 10 त्यातल्या बऱ्याच सेवा वेगवेगळ्या चालवतं, म्हणून यादी लांब दिसते.

पेजफाइल : रॅम कमी पडली की विंडोज हिचा वापर करतं. काही जीबी जागा घेते. राहू द्या.

हायबरफिल : हायबरनेटला टाकताना चालू काम हिच्यात साठवलं जातं. हीसुद्धा मोठी असते.

विंडोज डॉट ओल्ड : मोठ्या अपडेटनंतर राहिलेलं जुनं विंडोज. साधारण 10 दिवसांनी ते आपोआप जातं. आधी काढायचं असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज, मग टेंपररी फाइल्स, या वाटेनं काढा.

चांगली फाइल व्हायरस समजून उडवण्याची चूक जुनी आहे. 2001 आणि 2002 साली जगभर ईमेल फिरले की अमुक नावाची फाइल व्हायरस आहे, लगेच काढा. त्यातल्या एका फाइलचं चिन्ह तर टेडी अस्वलाचं होतं. दोन्ही फाइल्स विंडोजच्याच होत्या. लोकांनी हातानं आपलंच नुकसान केलं, वर तोच ईमेल पुढं पाठवला. आज तसा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर तो तिथंच थांबवा.

खरा व्हायरस कसा ओळखायचा?

टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' दाबा. फाइल सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम 32 फोल्डरमध्ये असेल तर हात लावू नका. नाव विंडोजसारखं, पण फाइल टेंप किंवा डाउनलोड्स फोल्डरमध्ये लपलेली, तर संशय घ्या.

काही उघडलेलं नसताना पंखा तासन् तास जोरात फिरत असेल, तर कुणीतरी आपल्या मशीनवर आभासी चलन काढणारा प्रोग्राम चालवत असू शकतं. असे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडताच गप्प होतात. 'क्रॅक' केलेलं फुकटचं सॉफ्टवेअर आणि दहा ठिकाणी फिरलेला पेनड्राइव्ह ही त्यांची नेहमीची वाट.

अशा वेळीसुद्धा फाइल हातानं उडवू नका. विंडोज सिक्युरिटी उघडून 'फुल स्कॅन' करा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेनं 2017 मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलंय. त्याच्या वेबसाइटवर सफाईची साधनं मोफत मिळतात. मात्र "तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे" असा फोन आला किंवा स्क्रीनवर नंबर झळकला, तर त्यांना लॅपटॉपचा ताबा देऊ नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

विंडोज 10 चे मोफत नियमित अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. तुमचा लॅपटॉप अजून त्यावरच असेल तर जास्त जपून वापरा.

फाइल उडवून बसलात तर?

आधी रिसायकल बिन बघा, तिथून ती परत आणता येते. तिथं नसेल आणि लॅपटॉप चालू होत असेल, तर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि 'एसएफसी /स्कॅननाऊ' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. एसएफसी नंतर एक जागा सोडा. विंडोज आपल्या बिघडलेल्या फाइल्स तपासून शक्य तितक्या दुरुस्त करतं. चालूच होत नसेल, तर दुरुस्तीला देताना पहिलं वाक्य हे सांगा, "फॉरमॅट मारण्याआधी माझा डेटा काढून द्या."

आणि आजच एक काम करा. सातबारा, दाखले, मार्कलिस्ट, फोटो यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. लॅपटॉप दुरुस्त होतो. गेलेला दाखला पुन्हा काढायला मात्र तालुक्याला चकरा माराव्या लागतात.