रक्तवाहिनी का आवळते? मीठ व कॅल्शियम यांचा संबंध



चोपण जमिनीत जिप्सम का टाकतात, हे राहू बेटातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. मातीच्या कणांना धरून बसलेला सोडियम कॅल्शियमने हटवायचा आणि पाण्याबरोबर निचरून काढायचा. हीच दोन द्रव्ये आपल्या अंगातही आहेत. मात्र तिथला हिशेब निराळा आहे, आणि 'बी.पी. आहे, मीठ कमी करा' असे डॉक्टर सांगतात त्याच्याशी तो जोडलेला आहे.

धमनी म्हणजे नुसती रबरी नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी कड्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. दंडाचा स्नायू आपल्या हुकमात आहे, हा नाही. तो आवळला की भोक बारीक होते. बारीक धमनीचे भोक निम्मे झाले, तर रक्ताला होणारा अडथळा ठोकळमानाने सोळा पट होतो!

आवळण्याचा हुकूम देतो कॅल्शियम. पेशीच्या बाहेर तो आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतो. पेशीची बारीक दारे उघडली की तो आत घुसतो, काही आतल्या साठ्यातूनही सुटतो, आणि पेशी आखडते. काम झाल्यावर त्याला हटवावे लागते. नाहीतर स्नायू ढिला पडायचा कसा?

बाहेर काढण्याच्या एका वाटेवर अदलाबदल चालते : तीन सोडियम आत, एक कॅल्शियम बाहेर. सोडियम बाहेर जास्त व आत कमी, म्हणून तो आत ओढला जातो आणि त्या जोरावर कॅल्शियम बाहेर पडतो. चारीला उतार असला तरच पाणी वाहते, तसेच हे. आलेला सोडियम उपसायला वेगळा पंप रात्रंदिवस चालू असतो. तो मंदावला की सोडियम आत तुंबतो, उतार कमी होतो, कॅल्शियम मागे राहतो व धमनी आवळलेलीच राहते. खाण्यातले मीठ व रक्तदाब यांची सांगड अमेरिकेतील शास्त्रज्ञ ब्लॉस्टाइन यांनी १९७७ साली अशी घातली. अर्थात हे एकच कारण नव्हे. मिठाने अंगात पाणी धरते, रक्ताचा भरणाही वाढतो.

आता नेहमी कानावर येणारा प्रश्न. 'गोळी कॅल्शियम अडवणारी आहे म्हणतात, मग दूध सोडू का?' मुळीच नको. ॲम्लोडिपिनसारखी गोळी पेशीच्या दारातून होणारी आवक कमी करते, हाडांतला कॅल्शियम काढत नाही. दूध प्याल्याने धमनी आवळत नाही. रक्तातला कॅल्शियम शरीर स्वतःच बेताचा राखते. गोळी मात्र 'आता बरं वाटतंय' म्हणून ऐन हंगामात परस्पर बंद करू नये. गोळीचा अंमल उतरला की दारे पुन्हा पहिल्यासारखी उघडतात, आणि दाब वाढलेला पुष्कळदा कळतही नाही.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, ठेचा, फरसाण यांतले मीठ त्यातच धरायचे. आणि सैंधव घेतले म्हणजे चालते, हा समज सोडा. तेही मुख्यतः सोडियमचेच मीठ.